फोडणीच्या आधीपर्यंतचं

पत्र थोडक्यात असं: डोंबिवलीच्या एक वाचक, वय ४१, नोकरी फोर्टमध्ये. सकाळी सव्वासातला घर सोडतात, परत यायला रात्रीचे आठ होतात. घरी नवरा, सातवीतला मुलगा, तिसरीतली मुलगी आणि ७२ वर्षांच्या सासूबाई. पोळ्या सकाळी मावशी करून जातात, दोन्ही वेळच्या. बाकी रात्रीचा स्वयंपाक यांच्याकडे. न्यू जर्सीतल्या नणंदेने ‘एका दिवसात महिनाभराची जेवणं’ अशा धर्तीचे व्हिडिओ पाठवले. ते पाहून ऑक्टोबरमधल्या एका रविवारी यांनी सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच राबून पंधरा रात्रींची सोय केली: बटाट्याचा रस्सा, छोले, पालक पनीर, मटकीची उसळ, कढी, जिरा राईस. सगळं ओट्यावर निवू दिलं आणि रात्री नऊला डबे भरून फ्रीझरमध्ये टाकले. पहिल्याच आठवड्यात बटाटा भुसभुशीत निघाला, कढी फुटली, भात कोरडा ठक्क. सासूबाई ‘आपल्याकडे शिळं खात नाहीत’ म्हणून दूध-पोळी खाऊन उठल्या. पुढच्या खेपेला यांनी काही न सांगता छोले वाढले. मुलीने ‘आजी, हे बर्फातले छोले आहेत’ असं जाहीर केलं, आणि तीन दिवस अबोला. ‘मिस्टर साडेसहाला घरी येतात, मदतीला तयार असतात, पण स्वयंपाकातलं त्यांना काही कळत नाही,’ असंही पत्रात आहे. आता फ्रीझरमध्ये सात डबे उरलेत. यांचे प्रश्न तीन. सासूबाईंना कसं पटवू? हॉलमध्ये ठेवायला आडवा डीप फ्रीझर घेऊ का? की हे सगळं सोडूनच देऊ?

आधी एक नकोसं काम सांगते. ते सात डबे आज रिकामे करा. चव बिघडली हे त्याचं कारण नाही. ते अन्न फ्रीझरमध्ये जाण्याआधी निदान चार तास ओट्यावर होतं, आणि ऑक्टोबरच्या डोंबिवलीत ओटा म्हणजे जंतूंची अंगतपंगत. शिजलेलं अन्न ६० अंशांच्या खाली उतरलं की थेट ५ अंशांपर्यंत त्यांचं राज्य असतं. फ्रीझरमध्ये त्यांची वाढ थांबते, पण ते मरतातच असं नाही. डबा वितळला की बरेचसे पुन्हा कामाला लागतात. भाताच्या बाबतीत तर उकळीही पुरत नाही. बॅसिलस सेरियस नावाचा एक जिवाणू असतो. त्याचे बीजाणू भात शिजतानाही टिकतात, कोमट भातात रुजतात, आणि त्यातून भातात उतरलेलं विष नंतर कितीही गरम केलं तरी जात नाही. आतापर्यंत कुणाचं पोट बिघडलं नाही हे तुमचं नशीब म्हणायचं. आठ तासांची मेहनत कचऱ्यात टाकताना जीव तुटेल, कळतंय मला. तरीही टाका.

पुढच्या वेळी पातेलं गॅसवरून उतरवलं की सिंकमध्ये गार पाणी भरून त्यात ठेवा आणि अधूनमधून ढवळा. वाफ गेली की उथळ डब्यांत पसरा. शिजल्यापासून दोन तासांच्या आत ते फ्रिजमध्ये गेलं पाहिजे, मे महिन्यात तर तासाभरातच. मोठं पातेलं तसंच झाकून ठेवलं तर कडा निवतात आणि मधला भाग रात्रीपर्यंत कोमट राहतो. आपण फसतो ते तिथेच.

आता सासूबाई. तुम्ही विचारलंय की त्यांना कसं पटवू. मी पत्र दोनदा वाचलं आणि निम्मी त्यांच्याच बाजूची झाले. ज्या घरात फ्रिज नव्हता, तिथे रात्रीची आमटी सकाळी फसफसलेली त्यांनी पाहिली असणार. ‘शिळं खाऊ नये’ हा त्या काळातला पक्का, अनुभवाने आलेला आरोग्याचा नियम आहे. तुमच्या त्या रविवारच्या डब्यांबाबत तर त्या शब्दशः बरोबर निघाल्या.

पण ‘शिळं’ हा शब्द आपल्या घरांमध्ये वाटतो तेवढा कडक कधीच नव्हता. माझी आई फोडणीच्या भातासाठी आदल्या रात्री मुद्दाम दोन मुठी तांदूळ जास्त लावायची. उरलेल्या पोळ्यांचा कुस्करा व्हायचा आणि त्यावर आम्हा भावंडांची भांडणं व्हायची. शिळी भाकरी नि ताक हे तर अर्ध्या महाराष्ट्राचं न्याहारीचं ताट. श्रावणात शिळासप्तमीला आदल्या दिवशीचं खायचं, ही रीत तर देवाधर्माच्या नावानेच पाळली जाते. आणि गच्चीवरच्या कुरडया, पापड, सांडगे, कोरडी भाजणी, मेतकूट, लोणचं? वर्षाचा साठा तो, पण त्याला कुणी शिळं म्हणत नाही. सासूबाईंच्या मनात भेद आहे तो पाणी घालून शिजवलेल्या, तयार, ताटात वाढण्याजोग्या अन्नाचा. ते रात्र ओलांडून आलं की शिळं. वाळवलेलं, भाजलेलं, खारवलेलं, तळून पुन्हा फोडणीला टाकलेलं, ते त्यांच्या हिशेबात साठवणीचं.

जाता जाता एक. त्या रात्री त्यांनी खाल्लेली दूध-पोळीतली पोळी सकाळी सातला लाटलेली होती. हे माझ्या लक्षात आलं तसं तुमच्याही आलं असेल. कृपा करून जेवणाच्या टेबलावर बोलून दाखवू नका. मनात मात्र ठेवा, कारण सगळी गोम त्यातच आहे. ती पोळी त्यांनी दुधात कुस्करली, वर साखर घातली असेल. शेवटचा हात त्यांचा स्वतःचा होता.

आणि न सांगता वाढलेले छोले. तुम्ही त्याला ‘छोटीशी युक्ती’ म्हटलंय. मला वाटतं तो अबोला शिळ्याचा नव्हताच. ७२ वर्षांच्या बाईला तिच्याच घरात नातीकडून कळलं की ताटात काय आहे. एकदा ‘चुकलं माझं, सांगायला हवं होतं’ एवढं म्हणा. त्याला जोडून फ्रीझरचे फायदे सांगत बसू नका.

नणंदेच्या व्हिडिओंबद्दलही बोलायला हवं, कारण त्यात दोष ना तिचा आहे ना तुमचा. तिथल्या स्वयंपाकघरात फ्रीझर मोठा, ओव्हन घरोघरी, आणि जेवण बहुधा एका भांड्यातलं: दाट सूप, मांसाचा रस्सा, चीज घालून भाजलेला पास्ता. ते गोठवून पुन्हा तापवलं तर फारसं बिघडत नाही. आपलं ताट निराळं. चुरचुरीत फोडणी, वरून भुरभुरलेलं खोबरं-कोथिंबीर, बाजूला कच्ची कोशिंबीर, मऊ पोळी. यातलं काहीच पुन्हा तापवून परत येत नाही. न्यू जर्सीतल्या मराठी घरांतही फ्रीझरमध्ये खवलेला नारळ आणि अळूवडीचे उंडे असतात. नणंदेला विचारून पाहा, कढीचा डबा तिनेही ठेवला नसेल.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: जेवण गोठवू नका, फोडणीच्या आधीपर्यंतचं काम गोठवा.

बघा ना, संध्याकाळी आठला तुम्ही दमता ते कशाने? फोडणी घालून उसळ उकळायला पंधरा मिनिटं लागतात. जीव जातो तो मटकी भिजवायची आठवण ठेवण्यात, कांदा-खोबरं भाजून वाटण्यात, लसूण सोलण्यात, नारळ खवण्यात, छोल्यांच्या शिट्ट्या मोजत उभं राहण्यात. हे सगळं फ्रीझर आनंदाने सांभाळतो. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून मग वड्या पिशवीत काढून ठेवा. पाच माणसांच्या आमटीला दोन-तीन वड्या पुरतात. एक वेगळा ट्रे मात्र त्यासाठीच ठेवा, नाहीतर पाहुण्यांच्या सरबतात लसूण उतरतो. (उतरला होता. पाहुणे सभ्य होते.) छोले, राजमा, हरभरे शिजवून, थोड्या त्यांच्याच पाण्यासह, एका वेळेपुरते पिशवीत भरा. मोड आलेली मटकी नुसती वाफवून ठेवा. कांदा-टोमॅटो तेल सुटेपर्यंत परतून ठेवा. खवलेला ओला नारळ ठेवा. अळूवडी आणि कोथिंबीर वडीचे उकडलेले उंडे न कापता अख्खे ठेवा, सकाळी खाली फ्रिजमध्ये उतरवा. संध्याकाळी जरा घट्ट असतानाच कापले तर तुकडे पडत नाहीत, चकत्या देखण्या निघतात. सणाच्या आदल्या आठवड्यात पुरण करून ठेवलं तरी पोळी लाटताना कुणाला कळत नाही. ज्यांच्याकडे चालतं त्यांनी मटणाचा रस्साही ठेवावा, फक्त त्यात बटाटा नको.

बटाट्याचं का बिनसतं? गोठताना आत बर्फाचे स्फटिक होतात, ते पेशी फोडतात. वितळल्यावर पाणी वेगळं आणि भुसा वेगळा. पनीरची तीच गत, त्यामुळे शिजवलेल्या पालकाचा गोळा ठेवा आणि पनीर त्या दिवशी आणा. दही, ताक, नारळाचं दूध फुटतं, म्हणजे कढी आणि सोलकढी बाद. शिळ्या कढीला ऊत आणू नये असं आपले लोक म्हणतात ते उगाच नाही, आणि ताजी कढी दहा मिनिटांत होते, तिच्यासाठी फ्रीझरची जागा कशाला अडवायची? पिठल्याचंही तेच. भात नीट, पटकन गार केला तर गोठतो, पण कुकर घरात असताना मला ती यातायात पटत नाही.

भरताना तीन गोष्टी पाळा. डबा काठोकाठ भरू नका, पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं. माझी एक काचेची बरणी आमसुलाच्या सारासकट गेली ती याच कारणाने. पिशव्यांतली हवा काढून त्या ताटावर चपट्या झोपवून गोठवा, मग वह्यांसारख्या उभ्या लावता येतात आणि लवकर सुटतात. आणि कागदी टेपवर नाव नि तारीख लिहाच. गोठलेलं वाटण आणि गोठलेली चिंचगुळाची चटणी यांत फरक करणारं माणूस मी अजून पाहिलेलं नाही. महिन्याभरात संपेल एवढंच ठेवा. वाटण, छोले, मटकी थेट गोठलेलेच कढईत टाकले तरी चालतात. बाकी जे वितळवायचं ते खालच्या कप्प्यात, ओट्यावर नाही. एकदा वितळलं ते पुन्हा गोठवायचं नाही, आणि वाढण्याआधी मध्यापर्यंत खदखदून उकळी फुटली पाहिजे.

याला आठ तास लागत नाहीत. एका रविवारी दोन कुकर आणि एक वाटण, दीड-दोन तास. पुढच्या रविवारी दुसरं काही. सगळं एकाच दिवशी उरकायचं हे तुम्हाला त्या व्हिडिओने सांगितलं, तुमच्या घराने नाही.

आता पत्रातली ती ओळ, तुम्ही जाता जाता लिहिलेली. मिस्टर साडेसहाला घरी येतात. तुम्ही आठला. म्हणजे रोज दीड तास घरात एक धडधाकट, मदतीला तयार माणूस आहे, आणि पाच माणसांचं जेवण लोकलमध्ये उभ्या असलेल्या बाईची वाट पाहतंय. तुम्ही फ्रीझरबद्दल विचारलंत, पण पंधरा रात्रींची जेवणं एका दिवसात करून ठेवायची वेळ का आली, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ‘त्यांना काही कळत नाही’ हे खरं असेलही. अख्खा स्वयंपाक करायला सांगितलं तर गोंधळतील. पण फोडणीच्या आधीपर्यंतचं तयार असेल तर उरतं काय? तेल तापलं की मोहरी. ती तडतडून शांत झाली की जिरं, हिंग. गॅस बारीक करून हळद, तिखट, आणि तिखट जळायच्या आत वाटणाच्या वड्या. वास सुटला की मटकी, पाणी, मीठ, गूळ, झाकण. मिसळणाच्या डब्यात मोहरी कुठली नि जिरं कुठलं हे पन्नाशीच्या आतल्या माणसाला दोन संध्याकाळींत शिकता येतं. पहिल्या आठवड्यात हिंग जास्त पडेल. पडू दे. तेव्हा तुम्ही ओट्याजवळ जाऊन कालथा हातात घेतलात, तर पुढची वीस वर्षं तो तुमच्याच हातात राहील. सातवीतल्या मुलाला कोशिंबीर चोचवायला बसवा, त्याचं वय आहे.

सासूबाईंबद्दल तुम्ही लिहिलंय की त्या कुकर लावते म्हणतात, पण गुडघ्यांमुळे तुम्हीच नको म्हणता. काळजी चांगलीच आहे, पण त्यामुळे स्वयंपाकघरातून त्या जवळजवळ बाहेर पडल्या आहेत, आणि बाहेर पडलेल्या माणसाला ताटात येणाऱ्या प्रत्येक गोष्टीवर मत देणं एवढंच उरतं. उभं राहायचं काम नको, बसून करायचं द्या. वालाला मोड आले की डाळिंब्या सोलायच्या असतात, तासभराचं किचकट काम, आणि तुमच्या पिढीने बिरडं त्यापायीच सोडलं. खुर्चीवर बसून, समोर मालिका लावून त्या वाटीभर नव्हे, पातेलंभर सोलतील. त्या सोललेल्या डाळिंब्या कच्च्याच फ्रीझरमध्ये सुखाने राहतात. लसूण सोलणं, कोथिंबीर निवडणं तसंच. आपण सोललेल्या डाळिंब्यांचं बिरडं, समोर फोडणी देऊन, स्वतःच्या मुलाच्या हातचं वाढलं गेलं, तर त्याला शिळं म्हणताना त्यांची जीभ जराशी अडखळेल असा माझा अंदाज आहे. नाहीच पटलं तरी हरकत नाही. त्यांच्यापुरता वाटीभर वरण-भात ताजा लावायला दहा मिनिटं लागतात, आणि त्यांना आवडतं ते त्यांनी खावं. घरातल्या सगळ्यांनी एकच खाल्लं पाहिजे, हा हट्ट मुलांच्या बाबतीत आपण कधीच सोडलेला असतो.

अशीच पत्रं मला इतर ठिकाणांहूनही येतात, म्हणून दोन गोष्टी त्यांच्यासाठी. एका दाराचा फ्रिज असेल तर वरचा बर्फाचा कप्पा हा खरा फ्रीझर नसू शकतो. कप्प्यावर चांदण्या छापलेल्या असतील तर पाहा: एक चांदणी म्हणजे उणे ६ अंश, दोन म्हणजे उणे १२, तीन म्हणजे उणे १८. (बाहेर चिकटवलेले वीज बचतीचे तारे वेगळे.) महिन्याचा साठा उणे १८लाच करावा. त्याहून कमी गारव्यात आठवडाभराचं वाटण ठेवा आणि तेवढ्यावरच समाधान माना. बर्फाचा थर बोटभर झाला की कप्पा वितळवून घ्या, नाहीतर थंडावा त्या थरातच अडकतो. आणि जिथे वीज तासन् तास जाते, तिथे दार उघडून पाहायचा मोह आवरा. ठासून भरलेला फ्रीझर बंद राहिला तर साधारण ४८ तास गोठलेला राहतो, अर्धा भरलेला २४ तास. गावाला जाताना वाटीभर पाण्याचा बर्फ करून त्यावर एक रुपयाचं नाणं ठेवून जा. परत आल्यावर नाणं वाटीच्या तळाशी दिसलं तर मधल्या काळात सगळं वितळून पुन्हा गोठलं आहे, ते खाऊ नका.

राहिला तुमचा डीप फ्रीझर. आत्ता नको. तुमच्या दोन दारांच्या फ्रिजमधला फ्रीझर आधी नीट आवरा. त्यात गेल्या दिवाळीची चकलीची भाजणी, दोन आइस्क्रीमचे रिकामे डबे आणि कुणाच्या तरी पायाला लावायची जेलची पिशवी निघेल. तेवढी जागा वाटणाला आणि कडधान्यांना पुरते. डिसेंबर-जानेवारीत मटार स्वस्त होतो. शेंगा सोलून दाणे दोन मिनिटं उकळत्या पाण्यात, लगेच बर्फाच्या पाण्यात, मग फडक्यावर कोरडे करून ताटात सुटे गोठवायचे आणि पिशव्या भरायच्या. तेव्हा सासूबाईंनी मालिका बघत बघत पाच किलो शेंगा सोलल्या आणि दाणे ठेवायला खरोखरच जागा उरली नाही, तर मला पुन्हा लिहा. हॉलमधल्या फ्रीझरचं तेव्हा बघू.